जपानी पन्हं

इंदूबाई गायकवाड पहिल्याच भेटीत माझा हात धरून नाकाशी नेतील असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्या गेस्ट हाउसची पायरी चढलेच नसते. मी नवीन होते. चिंचवडच्या आमच्या कंपनीत वर्क्स मॅनेजर मोकाशी साहेबांची स्टेनो म्हणून लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. साहेबांच्या जेवणाचा निरोप द्यायला कारखान्यामागच्या बंगल्यात गेले, तर दारात एक उंच, सावळी, पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी. तिनं निरोप ऐकून घेतला, माझा उजवा हात धरला, हुंगला आणि म्हणाली, "कार्बन पेपर. आन् सकाळी लसूण सोललाय. जावा ताई, सांगा साहेबाला, जेवान तयार हाय."

मला असा राग आला! घरी येऊन आईला म्हटलंसुद्धा, कसली आगाऊ बाई आहे. पुढं कळलं की ही सवय सगळ्यांसाठीच होती. दूधवाला, ड्रायव्हर, बिल घेऊन येणारा किराणा दुकानदार, कंपनीचे डॉक्टर, कुणीही आलं की आधी हाताचा वास, मग बोलणं. डॉक्टर हसत हात पुढं करायचे. "डेटॉल," इंदूबाई म्हणायच्या, "आन् सिग्रेट. दुसऱ्याला नगं म्हणून सांगता." डॉक्टर हात मागं घेऊन खिशात घालायचे.

ही सवय त्यांना लागली त्याचं कारण मला पॅटर्न शॉपमधल्या नानांनी सांगितलं. पॅटर्न शॉप म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने बनवण्याचा विभाग. नमुना तयार झाला की त्याला पॉलिश करायचं. चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवायचे आणि बोळ्यानं हात फिरवत राहायचं. दिवसभर हे काम करणाऱ्या माणसाच्या अंगाला, कपड्यांना, केसांना स्पिरिटचा वास बसतो. साबणानं जात नाही. इंदूबाईंचे नवरे सखाराम हे काम करायचे आणि नाना त्यांच्या शेजारच्या बाकावर. एक दिवस साखळीला टांगलेला एक मोठा नमुना खाली आला तो सखारामवर. साखळी झिजलेली होती. ती बदला म्हणून फोरमन महिनाभर ओरडत होता, पण माल वेळेवर पाठवायचा म्हणून मोकाशी साहेब काम थांबवू देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताना मोकाशी साहेबांनी गेटवर सगळ्या कामगारांना थांबवलं. टाइम ऑफिससमोरच्या ओट्यावर उभं राहून ते म्हणाले, "सखाराम माणूस चांगला होता. पण तोंडाला वास होता. बाकीच्यांनी धडा घ्यावा."

बस, एवढंच वाक्य. साखळीचं नाव कुणी परत काढलं नाही. नुकसानभरपाई कायद्याप्रमाणं मिळाली, त्याबद्दल इंदूबाईंची कधी तक्रार नव्हती. त्यांचं भांडण त्या वाक्याशी होतं. सखारामनं धम्मदीक्षा घेतली तेव्हा दारू पिणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली होती आणि ती पाळली होती. नुसती पाळली नाही, पिंपरीच्या त्यांच्या वस्तीत हातभट्टी लागायची ती बंद पाडायला जी पोरं पुढं झाली, त्यांच्यात सगळ्यात पुढं हाच होता. भट्टीवाल्यानं डोकं फोडलं तरी हटला नव्हता. असा माणूस मेला आणि वस्तीत कुजबुज सुरू झाली, म्हणजे हा चोरून पीत होता तर! भट्टीवाला तर पारावर बसून सांगत सुटला. शाळेत त्यांच्या मुलाला पोरं बेवड्याचा म्हणायला लागली. विहारात धम्मासाठी झटलेल्या माणसांचे फोटो लावले, त्यात सखारामचा लावायचा की नाही यावर वाद झाला आणि फोटो लावायचा राहून गेला.

कंपनीनं दया म्हणून बाईंना नोकरी देऊ केली, कुठं काम कराल असं विचारलं. त्या म्हणाल्या, "मोकाशी साहेब जितं जेवत्यात तितं."

हे मला स्वतः त्यांनीच सांगितलं, पोळ्या लाटता लाटता. तोपर्यंत आमची चांगली गट्टी जमली होती. मी घाबरून विचारलं, "इंदूबाई, म्हणजे तुमच्या मनात..." त्यांनी लाटणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "इख घालाया काय लागतंय, ताई? कोपऱ्यावरच्या दुकानात उंदराचं मिळतंय. पर इख घातलं तर त्यो मरंल आन् त्याचा शबुद जित्ता ऱ्हाईल. मला शबुद मारायचाय."

मोकाशी साहेबांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. दिसायला गोरे, नीटनेटके, आवाज गोड. दर सोमवारी सकाळी ते गेटवर उभे राहायचे आणि कामावर येणाऱ्या माणसांतला कुणी निवडून म्हणायचे, "हा कर." त्या माणसानं साहेबांच्या तोंडासमोर तोंड उघडून श्वास सोडायचा. वास आला की परत घरी. वयानं मोठी, घरी सुना आलेली माणसं तिथं पोरांसारखी तोंड उघडून उभी असायची. साहेब स्वतः संध्याकाळी गेस्ट हाउसवर परमिटची व्हिस्की घ्यायचे, पण ती म्हणे डॉक्टरनं सांगितलेली. घरी जाण्याआधी वेलदोडे चघळायचे. त्या वेलदोड्यांची डबी भरून ठेवणं माझ्या कामातच धरलेलं होतं, म्हणून त्यांच्याबद्दल मला प्रेम असण्याचं काही कारण नव्हतं.

इंदूबाई त्यांना रोज वाढायच्या. गरम पोळी, वर तूप. कधी खवचट बोलणं नाही, कधी आदळआपट नाही. साहेब चारचौघांत म्हणायचे, "बघा, बाईंनी मनात काही ठेवलं नाही." इंदूबाई मान खाली घालून आमटी वाढायच्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात आलो की म्हणायच्या, "लोणचं काय आन् वैर काय, मुरल्याबिगर काढू ने."

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी आमच्याकडं जपानी लोक आले. नवीन मशिनं बसवायची होती. चारपाच इंजिनियर, एक तरुण दुभाष्या आणि सगळ्यांचे वडीलधारे म्हणून मोरी-सान. हे मोरी-सान दक्षिण जपानातल्या कुठल्याशा बेटावरचे, साठीला टेकलेले, बुटके, हसताना डोळे पूर्ण मिटणारे. बंगल्यात पाऊल ठेवल्याबरोबर इंदूबाईंनी त्यांचाही हात धरून हुंगला. मोरी-साननी क्षणभर पाहिलं, मग अगदी वाकून इंदूबाईंचा हात स्वतःच्या नाकाशी नेला आणि दुभाष्याला काहीतरी म्हणाले. तो म्हणाला, "मोरी-सान म्हणतात, कांदा आणि धूर. त्यांच्या आईच्या हाताला हाच वास यायचा." त्या दिवसापासून त्या दोघांचं जे जमलं ते जमलं. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती, त्यामुळं भांडणाचा प्रश्नच नव्हता.

या मंडळींनी सामानाबरोबर बाटल्या आणल्या होत्या. शोचू. त्यांच्याकडची जुन्या काळापासूनची दारू, भट्टीवर काढलेली. कुणी रताळ्याची करतात, कुणी तांदळाची, मोरी-सानच्या गावाकडची जवाची. दिसायला निव्वळ पाणी, आपल्या व्हिस्कीपेक्षा पुष्कळ सौम्य. इंदूबाई तिला जवाचं पाणी म्हणायच्या. आता दारूचा थेंब न चाखणाऱ्या, पंचशील म्हणून झोपणाऱ्या या बाईच्या ताब्यात गेस्ट हाउसचं कपाट होतं. मी एकदा छेडलं, "तुम्हाला चालतं का हो हे?" म्हणाल्या, "मी पीत न्हाई. ह्या बाटल्यांकडं माझं दुसरंच काम हाय."

पुण्याचा उन्हाळा त्या पाहुण्यांना सोसेना. मोरी-सानना गार काहीतरी हवं असायचं. इंदूबाईंनी मग त्या शोचूबरोबर आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तू लावून बघायला सुरुवात केली. चव घ्यायची नाही, हे पक्कं. मग बरं झालं की वाईट, कसं कळणार? त्या समोर उभ्या राहून पिणाऱ्याच्या गळ्याकडं बघायच्या. पहिला घोट अडला की पेला परत. सरळ उतरला की मान हलवायच्या. लिंबू-आलं जमलं, त्याला नाव दिलं फर्स्ट शिफ्ट. कोकमाचं आगळ आणि चिमूटभर मीठ, ती सेकंड शिफ्ट. उसाच्या रसातलं जरा जास्तच चढायचं, म्हणून ते ओव्हरटाइम. जपानी पोरं संध्याकाळी कारखान्यातून आली की दारातूनच ओरडायची, "इंदू-सान, ओव्हरटाइम!" एकदा मात्र बाईंना वाटलं, मठ्ठा का नको? हिंग-जिरं, कोथिंबीर घालून केला. मोरी-साननी पहिला घोट घेतला तो गळ्यात अडलेला मलासुद्धा लांबून दिसला. पण ते उठले, वाकून नमस्कार केला, पेला रिकामा केला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाहीत. इंदूबाई पेज घेऊन त्यांच्या दारात बसून होत्या.

या जपानी मंडळींची एक रीत मला फार आवडायची. तिकडं म्हणे स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत. आपण दुसऱ्याचा भरायचा, आपला दुसरा कुणीतरी भरतो. लहानांनी मोठ्यांचा आधी. मोकाशी साहेबांना ही रीत कितीदा सांगून झाली, पण त्यांचा हात आपल्याच पेल्याकडं जायचा. जपानी मंडळी न बघितल्यासारखं करायची. एका दुपारी सगळ्यांचे पेले भरून झाले आणि मोरी-सानच्या लक्षात आलं की इंदूबाईंचा भरायला कुणी नाही. ते उठून स्वयंपाकघरात आले. नुसत्या कोकम सरबताचा तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी धरला, पेला भरला आणि वाकून बाईंसमोर धरला. त्या बंगल्यात इतकी वर्षं वाढणाऱ्या बाईला कुणीतरी वाढलं. इंदूबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि मला म्हणाल्या, "ताई, ह्या चुलीचा धूर बगा की कसा हाय." चूल कुठली? गॅस होता.

त्याच मोरी-साननी त्यांना आणखी एक रीत शिकवली. शोचू घाईत पाण्यात मिसळून पिण्यापेक्षा काही दिवस आधी पाणी घालून मातीच्या भांड्यात ठेवायची. दोन्ही एकमेकांत शिरतात, झणका जातो, घशाला कळत नाही. दुभाष्यानं हे सांगितलं तेव्हा इंदूबाईंचे डोळे चमकले. "म्हंजी मुरवायची!" त्या म्हणाल्या. आळंदीहून एक लहान माठ आणवला. खिडकीखालच्या थंड कोपऱ्यात त्यात ते मिश्रण मुरायला पडलं.

मग कैऱ्या आल्या. पुनावळ्याला इंदूबाईंचं माहेर, तिथं भावाच्या बांधावर एक रायवळ आंब्याचं झाड होतं, कैरी इतकी आंबट की नुसत्या नावानं दात आंबावेत. त्या कैऱ्यांचं पन्हं, गूळ, भरपूर वेलची, आणि त्यात माठातलं मुरलेलं जवाचं पाणी. पाहुण्यांनी दुपारच्या जेवणाआधी ते प्यायलं आणि एकमेकांकडं बघून माना डोलावल्या. मोकाशी साहेबांना इंदूबाईंनी साधं पन्हं दिलं होतं. कारखान्याच्या वेळेत साहेब कधी घेत नसत, सोमवारचे नियम त्यांचेच. त्यांनी विचारलं, "यांच्यात काय वेगळं आहे?"

मी तिथंच होते. इंदूबाई पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "त्यात जवाचं पानी हाय, साहेब. पन्ह्यात घातलं की वास येत न्हाई."

एवढंच म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, छताकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पाहुण्यांना कंपनी द्यावी लागते. आमच्याही पेल्यात टाका थोडं." मी नंतर बाईंना आत गाठलं. त्या शांतपणे कढईला तेल लावत होत्या. "मी टाकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यानं मागितलं. मी फकस्त सांगितलं, वास येत न्हाई."

उरलेल्या उन्हाळ्यात साहेबांचं मागणं वाढत गेलं. आधी एक पेला, मग पाहुणे कामावर परतल्यावर आणखी एक, मग दुपारसाठी थर्मास. इंदूबाई मागतील तेवढं द्यायच्या. आपणहून थेंब जास्त नाही आणि मागितल्यावर थेंब कमी नाही. मला त्याचा पत्ता डिक्टेशनमध्ये लागायचा. सकाळची पत्रं कोरडी ठणठणीत. दुपारी थर्मास उघडला की साहेब खुर्चीत रेलायचे आणि वाळू पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला लिहायचे की आपली वाळू म्हणजे मोत्यांचा चुरा आहे, तिच्यावरून हात फिरवावासा वाटतो. मी ते उतरवून घ्यायची आणि टाइप करताना लिहायची, वाळू पोहोचली. एका सोमवारी त्यांनी गेटवर एका वेल्डरला "हा कर" म्हणून घरी पाठवलं आणि केबिनमध्ये येऊन स्वतः थर्मासचं बूच उघडलं, तेव्हा मात्र माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी इंदूबाईंना जाऊन ते सांगितलं आणि विचारलं, "किती दिवस मुरवणार आता?"

"पाव्हनं जायचं हायत," त्या म्हणाल्या. "त्या दिशी मोठं साहेब येनार हाय ना?"

मशिनं बसली. निरोपाचं जेवण ठरलं, भर दुपारी, बंगल्याच्या हिरवळीवर. मुंबईहून आमचे मॅनेजिंग डायरेक्टर, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, ते यायचे होते. मोरी-साननी एकच हट्ट धरला, ज्यांनी ज्यांनी कामाला हात लावला ते सगळे एकत्र जेवतील. मोकाशी साहेबांनी पुष्कळ कारणं सांगितली, पण मोरी-सान नुसते डोळे मिटून हसत राहिले. अशी पहिल्यांदाच पॅटर्न शॉपची, फाउंड्रीची माणसं त्या हिरवळीवर मांडी घालून बसली. टेबलावर पन्ह्याचे दोन जग. एक कामगारांसाठी साधा, दुसरा पाहुण्यांचा. पाहुण्यांच्या जगातून मोकाशी साहेबांचे दोन पेले आधीच झाले होते, अर्थात स्वतःच्या हातानं भरून. मोठ्या साहेबांना ते अभिमानानं सांगत होते, "हे आमच्या गेस्ट हाउसचं खास पन्हं."

सगळे बसल्यावर नाना आले. शेवटच्या नमुन्याचं पॉलिश उरकून तसेच आले होते. फाटकातून आत येताना साहेबांच्या जवळून गेले आणि साहेबांचं नाक ताठ झालं. सवय म्हणा, दोन पेल्यांची हिंमत म्हणा, किंवा मोठ्या साहेबांसमोर आपली शिस्त दाखवायची हौस म्हणा. त्यांनी आवाज चढवला, "नाना! इथं पाहुण्यांसमोर पिऊन आलास? हा कर!"

नाना पांढऱ्या केसांचे, नातवंडांचे आजोबा. त्यांनी तोंड उघडलं नाही. ते इंदूबाईंकडं बघत होते. बाई हातातला पोळ्यांचा डबा खाली ठेवून पुढं आल्या.

"नानांनी हा केलं तर तुमी बी कराल का, साहेब?"

"काय?" मोकाशी साहेबांना कळेना.

"मोठं साहेब," इंदूबाई वळून म्हणाल्या, "जरा ह्यांच्या तोंडाचा वास घ्या. साहेब, हा करा."

मोठे साहेब गोंधळून उठले होते. मोकाशींच्या इतके जवळ होते की वास घ्यायला वाकावंही लागलं नाही. "वेलची," ते म्हणाले. "कैरी. का बरं?"

इंदूबाईंनी पाहुण्यांच्या जगातलं पन्हं एका स्वच्छ पेल्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी मोठ्या साहेबांसमोर धरलं, मोरी-सान धरत तसं. त्यांनी घोट घेतला. थांबले. दुसरा घोट घेतला आणि मोकाशींकडं बघितलं. चार देशांची दारू प्यालेला माणूस तो, त्याला सांगायची गरज नव्हती.

"ह्ये रोज दुपारी घेत्यात," इंदूबाई म्हणाल्या. "थर्मासात बी नेत्यात. इचारा ह्या ताईला." सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या आणि मी मान हलवली, चांगली जोरात. "आता नानांचा हात हुंगा. दारूच वाटंल. त्यानं जल्मात थेंब घेतला न्हाई, त्यो चपड्याचा वास हाय. माझ्या मालकाला बी ह्योच वास व्हता. ज्याला वास व्हता त्यो प्यालेला नव्हता, आन् जो प्यालाय त्याला वास न्हाई."

मोठे साहेब खरोखर नानांपाशी गेले. नानांनी काळपट पिवळे हात पुढं केले. त्यांनी एक हात हुंगला, मग दुसरा. पॅटर्न शॉपची माणसं एकेक करून उभी राहिली होती. दुभाष्या मोरी-सानच्या कानाशी लागला होता. मोकाशी साहेबांना काय करावं सुचेना, म्हणून की काय, त्यांनी जग उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा पेला भरायला मोरी-सानकडं वळले. मोरी-साननी आपल्या पेल्यावर तळहात आडवा ठेवला. ते हसत नव्हते, त्यामुळं त्यांचे डोळे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसले.

"बाई, तुम्हाला काय हवंय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"गेटावर बोललं व्हतं, गेटावरच मागं घ्यायचं. शिफ्ट सुटताना. बाकी कायबी नगं."

मोठे साहेब काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "तवर आमी बी आत जात न्हाई." आणि सगळे उभेच राहिले.

तीन वाजता पहिली पाळी सुटली आणि दुसरी आत जायची थांबली. मोकाशी साहेब त्याच ओट्यावर चढले. चेहरा घामानं डबडबलेला. खाली बघत काहीतरी पुटपुटले. इंदूबाई सगळ्यांच्या पुढं, डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या.

"ऐकू आलं न्हाई, साहेब."

"सखाराम गायकवाडच्या... तोंडाला वास नव्हता."

"मागच्यास्नी ऐकू आलं न्हाई."

साहेब ओरडले. खरोखर ओरडले. "सखाराम गायकवाड पिऊन नव्हता! साखळी तुटली होती!"

साखळीचं कुणी मागितलं नव्हतं. ते त्यांच्याच तोंडून गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की घोषणा दिल्या नाहीत. इंदूबाईंनी एकदा मान हलवली, घोट सरळ उतरला की हलवायच्या तशी, आणि भांडी पडलीत म्हणून बंगल्याकडं निघाल्या. मला विचाराल तर मला त्या दिवशी अतोनात आनंद झाला. अजूनही आठवलं की होतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

नानांना हात न धुता या असं आदल्या दिवशी बाईंनीच सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. विहारात सखारामचा फोटो लागला. मोरी-सान जाताना एक अर्धी बाटली ठेवून गेले होते, ती इंदूबाईंनी नानांना दिली, चपडा विरघळवा म्हणून. दोन दिवसांनी नाना ती परत घेऊन आले. "वहिनी, ह्यात चपडा काय विरघळंना," ते म्हणाले. "साहेब कसा विरघळला?" त्यावर बाई जे हसल्या! तसं हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

कंपनीनं आपल्या पद्धतीनं सगळं मिटवलं. मोकाशी साहेबांना मुंबईच्या ऑफिसात नेलं, गेस्ट हाउसचं कपाट बंद केलं आणि इंदूबाईंना कँटीनमध्ये पाठवलं. पुढं मुलगा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला तेव्हा त्या नोकरी सोडून तिकडं राहायला गेल्या. मुंबईहून मात्र बातम्या येत राहिल्या. मोकाशींचं दुपारचं सुटलं नव्हतं. पन्हं नव्हतं तिथं, पण दुसरं काहीबाही होतं. सकाळीही हात थरथरायचे म्हणे. इंदूबाईंना मारायचा होता तो शब्द मेला होता, पण त्याआधी त्यांनी जे माठात ठेवलं होतं, ते मुरतच राहिलं होतं. बाईंना हे त्या वेळी माहीत होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं.

ऐंशी साल उलटल्यावर एकदा भोसरीच्या बसमध्ये त्या भेटल्या. केस पांढरे झालेले, मांडीवर कैऱ्यांची पिशवी. मी शेजारी बसल्याबरोबर माझा हात धरून हुंगला. "तान्हं पोर हाय घरात," त्या म्हणाल्या आणि खूश झाल्या. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी सांगितलं, "इंदूबाई, मोकाशी साहेब गेले. गेल्या आठवड्यात. लिव्हरनं गेले, पण शोकसभेत हृदयविकार सांगितला."

त्यांनी पिशवीतल्या कैऱ्या सारख्या केल्या. मला वाटलं, आता तरी काही मऊ बोलतील. त्यांचा थांबा आला. पिशवी उचलून त्या उठल्या, दाराच्या दांड्याला धरून मागं वळल्या.

"माणूस चांगला व्हता," त्या म्हणाल्या. "तोंडाला वास व्हता का, तेवढं इचारा कुनाला तरी."

आणि उतरल्या.